नऊ फर्मे आणि एक पुरवणी: वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका पाकपुस्तकाचं प्रकरण

काकूंनी पुस्तक आणून दिलं ते साडीच्या दुकानाच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. पुठ्ठा सुटलेला, पहिली काही पानं गायब, आणि उघडल्याबरोबर हळदीचा नि जुन्या तेलाचा वास. "हे महाराजांना अधिकार मिळाले त्या सालचं," त्या म्हणाल्या. "राजवाड्यात छापलेलं. आमच्या आजेसासूबाईंना तिथून मिळालं होतं. तू फक्त साल घालून दे, मग लायब्ररीत देऊन टाकते."

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना राज्याधिकार मिळाले १८८१ च्या डिसेंबरात. म्हणजे काकूंना चिठ्ठीवर '१८८१' हवं होतं. काकूंच्या पुतण्याला आणखी एक हवं होतं: पुस्तकाला मरून रेक्झिनची नवी बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि "कडा खराब झाल्यात त्या छाटून सरळ." मी त्याच्याकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. ती मागितली नसती तर हे प्रकरण लिहिण्यासारखं काही उरलंच नसतं. ते कसं, हे पुढे येईल.

मी वडोदऱ्यातल्या मराठी घरांमधल्या जुन्या पुस्तकांच्या नोंदी करते. बहुतेक वेळा शीर्षकपान असतं, त्यावर छापखाना, साल, किंमत सगळं असतं, दहा मिनिटांत काम उरकतं. शीर्षकपान नसलं की खरी पंचाईत. ब्रिटिश मुलखात १८६७ च्या २५ व्या कायद्याने पुस्तकावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण घालणं सक्तीचं केलं होतं, शिवाय छापलेल्या पुस्तकांच्या याद्या सरकारदरबारी होत असत. पण बडोदे हे संस्थान. तो कायदा इथला नव्हे. त्यामुळे इथे छापलेलं एखादं घरगुती पुस्तक मुंबईच्या यादीत सापडेलच असं नाही. शं. ग. दात्यांच्या मराठी ग्रंथसूचीत मी पाकशास्त्राच्या नोंदी चाळल्या. या पुस्तकाच्या पानसंख्येशी जुळणारी एकही नोंद मिळाली नाही. म्हणजे जे काही बोलायचं ते पुस्तकालाच विचारून.

आधी चूक

पहिल्याच दिवशी मी काकूंना फोन करून साल सांगून टाकलं, १८९०. ते चुकलं, आणि कसं चुकलं ते नोंदवलं पाहिजे.

पुढचा पुठ्ठा उसवलेला होता. त्याच्या आत, कापडाखाली, छापील कागदाचे थर दिसत होते. बाइंडर पुठ्ठा जाड करायला छापखान्यातली रद्दी खळीने एकावर एक चिकटवत. कोरा कागद महाग, रद्दी फुकट. त्या थरात पंचांगाचं एक पान होतं आणि त्यावर शके १८१२ स्पष्ट वाचता येत होतं. शके १८१२ म्हणजे १८९०-९१. मी इतकी हरखले की पुढचा विचारच केला नाही. सरलेल्या वर्षाचं पंचांग रद्दीत जातं हे खरं, पण ती रद्दी बाइंडरच्या कोपऱ्यात दोन महिने पडून राहील की वीस वर्षं, हे कोण सांगणार? त्या पानावरून फक्त एवढंच कळतं की पुठ्ठा १८९० च्या आधी बनलेला नाही. पुस्तक कधी छापलं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

काकूंना १८९० ही तारीख मुळीच आवडली नव्हती. आठवड्याने मी ती मागे घेतली तेव्हा त्या खूश होऊन म्हणाल्या, "बघ ने, मी म्हणत होते."

राजवाड्याचा मुद्दा मात्र लगेच निकालात निघाला. घरात पिढ्यान्‌पिढ्या ज्याला 'गायकवाडी शिक्का' म्हणत आले तो पान १ वरचा जांभळा गोल शिक्का मोबाइलचा दिवा आडवा धरून वाचला. शेवटचा शब्द 'बुकसेलर' निघाला. दुकानदाराचं नाव पुसलेलं आहे. काकूंना हे मी अजून नीटसं सांगितलेलं नाही.

फर्मे मोजणं

आकार साधारण साडेसात बाय पाच इंच, म्हणजे ज्याला जुन्या सूच्यांत क्राऊन सोळापेजी म्हणतात तो. मुख्य मजकूर पान १ ते १४४. पान १, १७, ३३ असं करत १२९ पर्यंत, प्रत्येक सोळाव्या पानानंतर तळाशी एक बारीक आकडा आहे, १ ते ९. हा फर्म्याचा आकडा. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा जुडगा होतो. बाइंडरने ते जुडगे क्रमाने लावावेत म्हणून तो आकडा. नऊ फर्मे, एकशे चव्वेचाळीस पानं, हिशेब चोख. पहिल्या फर्म्याला १ आकडा पान १ वरच असल्यामुळे हेही कळतं की शीर्षकपान, प्रस्तावना, अनुक्रमणिका हा भाग वेगळा छापलेला होता. बहुतेक छापखान्यांत तो सगळ्यात शेवटी जुळवत, कारण अनुक्रमणिकेला पानांचे आकडे आधी ठरलेले लागतात. आणि सुटा असल्यामुळे गळतोही तोच आधी.

१४४ नंतर मात्र पानांचे आकडे पुन्हा १ पासून सुरू होतात. वर मथळा 'पुरवणी'. ती ४० पानांची आहे, म्हणजे दोन फर्मे आणि एक अर्धा. पान ३९ वर शुद्धिपत्र. पान ४० मागच्या पुठ्ठ्याला चिकटलेलं.

पुरवणी असणं यात नवल काही नाही. नवल बोटांना कळलं. मुख्य भागाचा कागद जाडसर, अजून लवचीक, रंग फिक्या ताकासारखा. पुरवणीचा कागद पिवळा-तपकिरी, कोपरा दुमडला की मोडतो. लाकूड दळून केलेल्या लगद्याचा स्वस्त कागद असाच होतो. एकाच घरात, एकाच फडताळात, एकाच पुठ्ठ्याच्या आत राहून दोन भाग इतके वेगळे म्हातारे झाले होते.

खिळे काय सांगतात

दोन्ही भाग खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या टाइपांनी छापलेले; शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेले, नाहीत. पान उलटं करून बोट फिरवलं की अक्षरांचा उठाव लागतो. मुंबई वळणाची अक्षरं, आजही आपण वाचतो तीच. इथे लोक हमखास फसतात: अक्षर निर्णयसागरी दिसलं की पुस्तक निर्णयसागर छापखान्यातलं असं धरून चालतात. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये तो छापखाना काढला खरा, पण त्यांच्या ओतशाळेतले (खिळे ओतायच्या कारखान्यातले) खिळे इतर छापखानेही विकत घेत. अक्षराचं वळण ओतशाळा सांगतं, छापखाना सांगत नाही.

छापखाना शोधायचा तर मोडका खिळा बघायचा. मुख्य भागात एक 'श्री' आहे, तिच्या वेलांटीचा वरचा बाक तुटलेला. अंगाबाहेर डोकावणारी वेलांटी किंवा मात्रा दाबाखाली अशी मोडतेच. ही तुटकी 'श्री' मला 'श्रीखंड'मध्ये पान २२ वर भेटली, पुन्हा पान ७१ वर, आणि तिसऱ्यांदा १३४ वर 'श्रीफळ'मध्ये. म्हणजे फर्मा छापून झाला की जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, मजकूर सोडवून खिळे परत केसच्या (खिळ्यांच्या पेटीच्या) घरांत टाकत होता आणि पुढच्या फर्म्याला तेच वापरत होता. देवनागरीच्या जोडाक्षरांसह एक पूर्ण संच म्हणजे शेकडो वेगवेगळे खिळे, आणि प्रत्येकाच्या भरपूर प्रती. छोट्या छापखान्याला एकावेळी दोनतीन फर्म्यांपेक्षा जास्त मजकूर जुळवून ठेवणं परवडायचंच नाही. पुरवणीत तुटकी 'श्री' नाही. तिथली अक्षरं धारदार आहेत आणि ओळ किंचित मोठी आहे.

आणि मग पान ७५. या पानाचा आकडा पाहा: ७ आपला आहे, पण ५ म्हणजे डोक्यावरची रेघ नसलेला 'प'. हा गुजराती पाच! असाच एक पान ११५ वरही आहे. आकडे सोडवताना कुणीतरी गुजराती पाच देवनागरी पाचांच्या घरात टाकला असणार आणि पुढच्या जुळाऱ्याने न बघता उचलला. म्हणजे मुख्य भाग अशा छापखान्यात जुळवला जिथे दोन्ही लिप्यांच्या केस शेजारी होत्या. हे बडोद्याला चांगलं लागू पडतं. दामोदर सावळाराम यंद्यांसारखी माणसं 'बडोदे वत्सल' आणि 'सयाजीविजय' इथूनच चालवत होती, मराठी मजकूर छापणारे हात गावात होते. पण मुंबईतही अशा दोन लिप्यांच्या छापखान्यांना तोटा नव्हता, म्हणून 'बडोद्यात छापलं' असं मी नोंदीत ठाम लिहिलं नाही. प्रश्नचिन्ह टाकलं.

लेखनाच्या पद्धतीवरून काही कळेल या आशेने मी दोन्ही भागांतले अनुस्वार तपासले. 'घालावें', 'तळावें', 'केलें', सगळीकडे टिंब. १९६२ च्या नियमांनी ते गेले. तेव्हा एवढंच ठरलं की पुस्तक १९६२ च्या आधीचं आहे, जे काकूंच्या पुतण्यालाही माहीत होतं.

बाबाशाही

मुख्य भागाच्या शेवटी, पान १३७ पासून, 'शंभर पानांचा अदमास' आहे. पान म्हणजे जेवणारं पान. शंभर माणसांना तांदूळ किती, तूरडाळ किती, तूप किती, जिलबीला साखर किती, आणि उजव्या हाताला खर्च. रुपयांपुढे जागोजागी एक अक्षर आहे, 'बा.' मला ते आधी 'बाजारभाव' वाटलं. मग एका ओळीत पूर्ण शब्द मिळाला: बाबाशाही.

बाबाशाही हा गायकवाडांचा स्वतःचा रुपया, इंग्रजी कलदार रुपयापेक्षा हलका. संस्थानात तो बराच काळ चालला आणि विसाव्या शतकाच्या तोंडाशी, १९०० च्या आसपास, बंद होऊन कलदार आला. ज्या माणसाने 'बा.' लिहिलं त्याच्या आजूबाजूला दोन्ही रुपये फिरत होते. एकच नाणं असतं तर कोणता रुपया हे सांगायची गरज कुणाला पडते? म्हणजे मुख्य भागाचा मजकूर १९०० च्या आधीचा. यावरून हेही दिसतं की लेखकाचं गिऱ्हाईक संस्थानातलं होतं. पुण्याच्या गृहिणीला बाबाशाहीत हिशेब देऊन काय उपयोग?

पुरवणीतही एक छोटा अदमास आहे, पन्नास पानांचा. तिथे नुसतं 'रु.' आहे. शिवाय पुरवणीतल्या नानकटाईच्या कृतीत स्टोव्हचा उल्लेख आहे, आणि तोही हवा भरायच्या स्टोव्हचा. पंप किती वेळा मारावा हे लिहिलंय. हवेच्या दाबावर चालणारा प्रायमस स्टॉकहोममध्ये १८९२ मध्ये निघाला. तो तिथून बडोद्याच्या स्वयंपाकघरात यायला काही वर्षं तरी द्यावी लागतील. मुख्य भागात सगळीकडे चूल, शेगडी आणि 'विस्तव मंद करावा'.

इथपर्यंत आल्यावर दोन शक्यता उरल्या. एक, घाई होती म्हणून एकच पुस्तक दोन छापखान्यांत वाटून छापलं. असं होत असे. मजकुरातला फरक मग लेखकाच्या जुन्या-नव्या टिपणांचा धरायचा. दुसरी, मुख्य भाग आधीचा आहे, त्याच्या न खपलेल्या, न बांधलेल्या फर्म्यांचे गठ्ठे कुठेतरी पडून होते आणि कुणीतरी नंतर पुरवणी छापून, नवं शीर्षकपान लावून तेच 'नवं' पुस्तक म्हणून विकलं. दुसरी शक्यता मला आवडत होती, म्हणून तिच्यावर जास्त संशय घेणं भाग होतं.

तीनचार दिवस मी यावर डोकं खाजवलं. उत्तर पहिल्या दिवसापासून पान ३९ वर होतं. शुद्धिपत्र कोणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

शुद्धिपत्रात चौदा नोंदी आहेत, सगळ्या मुख्य भागाबद्दलच्या, पान ४ पासून पान १४१ पर्यंत. पान ६२ वर मसाल्याच्या आमटीत मीठ 'एक शेर' छापलंय ते 'एक छटाक' वाचावं, असं एक. सोळापट! आमच्या या प्रतीत पान ६२ वर कुणीतरी काळ्या शाईने 'शेर' खोडलेलं आहे, बऱ्याच जोराने. त्या घरी शुद्धिपत्रापर्यंत पोचायच्या आधी आमटी झाली होती असं दिसतं.

निव्वळ शुद्धिपत्राने काही सिद्ध होत नाही. एकाच वेळी छापलेल्या पुस्तकातही आधीचे फर्मे छापून गेल्यावर चुका दिसतात आणि शेवटी यादी द्यावी लागते. पण चौदावी नोंद कुठल्या चुकीबद्दल नाहीच. पान १३७ पासूनचे बाबाशाही आकडे हल्लीच्या नाण्याप्रमाणे हिशेब करून घ्यावेत, असं तिथे सांगितलंय. मुख्य भाग छापला तेव्हा बाबाशाही 'हल्लीचं' होतं, शुद्धिपत्र छापलं तेव्हा राहिलं नव्हतं. मध्ये नाणं बदललं. आणि मजकूर नव्याने जुळवला असता तर आकडे सरळ बदलून टाकले असते, वाचकाला त्रैराशिक मांडायला लावलं नसतं. जुने फर्मेच वापरले.

कड

राहिला एक प्रश्न. हे दोन भाग प्रकाशकाने एकत्र केले, की घरातल्या कुणीतरी नंतर पुरवणी आणून जुन्या पुस्तकाला जोडली?

पुस्तक मिटवून कडेकडून पाहिलं. उभ्या कडेवर, वरून सुमारे दोन इंचांवर, एक केसाइतकी बारीक आडवी रेघ आहे. बाइंडरच्या कापायच्या सुरीला खाच असली की ती प्रत्येक पानाच्या कडेवर ओरखडा ठेवते. ही रेघ पान १ पासून निघते, १४४ ओलांडते आणि पुरवणीच्या ठिसूळ पानांवरूनही तशीच, एका सरळ रेषेत, शेवटपर्यंत जाते. दोन्ही भाग एकाच सुरीखाली, एकाच कापात छाटले गेले. शिवाय सगळं पुस्तक बाजूने तारेचे दोन टाके मारून टाचलेलं आहे. मुख्य फर्म्यांना दोऱ्याच्या जुन्या शिलाईची भोकं नाहीत. कुणाच्या बांधलेल्या पुस्तकातून उसवून आणलेली पानं असती तर भोकं दिसली असती. म्हणजे फर्मे न बांधलेले, गठ्ठ्यात पडलेले होते, आणि पहिल्यांदा टाचले गेले ते पुरवणीसकट. तारा गंजून प्रत्येक भोकाभोवती विटकरी डाग पडलाय, नऊ फर्म्यांत फिकट, पुरवणीत गडद.

पुतण्याच्या रेक्झिनवाल्याने सगळ्यात आधी हीच कड छाटली असती, मग तारा उपटून फेकल्या असत्या.

शेवटचं पान चारी बाजूंनी नाही, फक्त कडेने पुठ्ठ्याला धरलेलं होतं. बहुधा तेल आणि दमट हवेने. ओलसर टिपकागद कडेवर ठेवून, दर काही मिनिटांनी पाहत, दुपारभरात ते सोडवलं. मागे शाईत दोन ओळी निघाल्या, मोडीत. मला मोडी अडखळत येते, म्हणून वाचणाऱ्या एका गृहस्थांकडे फोटो पाठवला. लग्नात दिलेली भेट, मुलीचं माहेरचं नाव, आणि शके १८३५. म्हणजे १९१३-१४. नाव काकूंच्या आजेसासूबाईंचं.

तेव्हा पुरवणी आणि बांधणी बाबाशाही बंद झाल्यानंतरची आणि १९१४ च्या आतली. मुख्य भाग बाबाशाहीच्या काळातला. कागद आणि छपाई पाहता मी १८८० नंतरचा म्हणेन, पण हा माझा अंदाज आहे आणि नोंदीत तो अंदाज म्हणूनच आहे. मध्ये कमीत कमी काही वर्षं, कदाचित दहापंधरा, ते गठ्ठे कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहिले. पाकपुस्तक न खपायचं कारण कळत नाही. एक शेर मीठ हे असू शकेल.

नोंद अशी केली: *[पाकपुस्तक, शीर्षकपान नाही.] मुख्य भाग पृ. १–१४४, छपाई १९०० पूर्वी, बडोदे (?). पुरवणी पृ. १–४०, वेगळी छपाई, सु. १९०१–१९१४. जुन्या फर्म्यांची पुरवणीसह पुन्हा काढलेली प्रत. मूळ बांधणी, तारेची, छाटू नये.* 'छाटू नये' हे सूचीत घालायची पद्धत नाही. मी घातलं.

काकूंना एकच साल हवं होतं, मी दोन घेऊन गेले. त्यांनी नोंद वाचली, १८८१ कुठे दिसतंय का ते पुन्हा एकदा पाहिलं आणि मग मोडीतल्या दोन ओळींचा फोटो हातात घेऊन बराच वेळ बसल्या. पुस्तक आता लायब्ररीत द्यायचं नाही म्हणतात, निदान दिवाळीपर्यंत तरी. सपाट डब्यात, मऊ कागदात ठेवलंय. पान २२ च्या श्रीखंडाची कृती त्यांनी वहीत उतरवून घेतली आणि मला विचारलं, "हे प्रमाण बरोबर आहे ने? की शुद्धिपत्रात काही आहे?"

पाहिलं. पान २२ ची नोंद नाही.